ट्रेलरची बॅटरी गाडीवरून नीट चार्ज का होत नाही, आणि मी ती शेवटी कशी करून घेतली

मागच्या ऑक्टोबरात आमचा राहायचा (कॅम्पिंगचा) ट्रेलर पिकअपला जोडून डेन्व्हरहून युटातल्या मोॲबला गेलो होतो, साधारण साडेतीनशे मैल, थांबत थांबत सात तास. निघताना ट्रेलरची बॅटरी अर्धीच होती पण म्हटलं काय फरक पडतो, गाडी आणि ट्रेलर जोडणारा सात पिनचा प्लग लावलाय, दिवसभर गाडी चालणार, पोचेपर्यंत फुल होईल. रात्री दोनला बायकोने हलवून उठवलं, "अरे हा हीटर रडतोय बघ." रडतच होता बिचारा. गॅसची टाकी भरलेली पण पंखा फिरवायला बॅटरीत जीवच नव्हता. मीटर लावला तर ११.८ व्होल्ट. जिथे थांबलो होतो तिथे लाइटचं कनेक्शन वगैरे काही नाही, उघडं माळरान, मग पहाटेपर्यंत जॅकेट घालून झोपलो आणि सकाळी पिकअप तासभर नुसती चालू ठेवली, त्यानेही फार काही झालं नाही.

घरी आल्यावर चार वीकेंड याच्यामागे घालवले. जे कळलं ते सगळं इथे टाकतोय, अमेरिकेत ट्रेलर ओढणारी आपली बरीच मंडळी आहेत आणि बहुतेकांचा समज माझ्यासारखाच असतो, की प्लग लावला म्हणजे चार्जिंग होतंय.

आधी बेसिक. अमेरिकेतल्या सात पिनच्या गोल प्लगमध्ये इंडिकेटर, ब्रेक लाइट, टेल लाइट, रिव्हर्स वगैरे सोडून तीन वायरी आपल्या कामाच्या. ट्रेलरच्या बाजूला साधारणपणे पांढरी म्हणजे निगेटिव्ह, निळी म्हणजे इलेक्ट्रिक ब्रेक, आणि काळी म्हणजे चार्जिंगचा १२ व्होल्ट पॉझिटिव्ह. घरच्या वायरिंगची सवय असलेल्या माणसाला काळी पॉझिटिव्ह हे पचत नाही पण आहे तसं. तरी रंगावर विसंबू नका, जुना ट्रेलर असेल तर आधीच्या मालकाने कुठल्या रंगाला काय जोडलंय देव जाणे, प्रत्येक पिनला मीटर लावूनच खात्री करा.

पहिली टेस्ट दोन मिनिटांची. ट्रेलर न जोडता, इंजिन चालू करून गाडीच्या सॉकेटमध्ये चार्जिंगची पिन आणि निगेटिव्ह यांच्यामध्ये मीटर लावा. काहीच दाखवत नसेल तर घाबरू नका, काही पिकअपमध्ये या लाइनचा फ्यूज किंवा रिले (आपोआप चालूबंद होणारा स्विच) कंपनीतून बसवलेलाच नसतो. ओळखीतल्या एकाच्या गाडीत तो दोन वर्षं ग्लोव्ह बॉक्समध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत पडून होता आणि हा भाऊ दोनदा ट्रेलरची बॅटरी बदलून बसला. मॅन्युअलमध्ये फ्यूजचा चार्ट असतो, त्यात ट्रेलर बॅटरी चार्ज असं काहीतरी लिहिलेलं शोधा, बहुधा ३० अँपचा असतो.

दुसरी टेस्ट इंजिन बंद करून, चावी काढून. काही गाड्यांत ती पिन बंद होते, काहींत चालूच राहते. चालूच राहत असेल तर एक धोका लक्षात ठेवा, मुक्कामाला प्लग तसाच लावून ठेवलात तर ट्रेलरचे दिवे, पंप, पंखा सगळं मिळून गाडीची बॅटरीपण रिकामी करणार आणि सकाळी सेल्फ मारायला काही उरणार नाही. अशा गाडीवाल्यांनी पोचल्या पोचल्या प्लग काढायचा.

आता मुख्य गोष्ट, जिच्यात मी फसलो. सॉकेटवर माझ्याकडे १३.६ दाखवत होतं. मस्त, म्हटलं येतंय की. पण ते लोड नसताना, म्हणजे कोणी करंट ओढत नसताना. लोड नसताना व्होल्टेज बघणं म्हणजे काय ते गावाकडच्या माणसाला सांगायला नको. आमचं शेत डीपीपासून सगळ्यात लांब, लाइनीच्या शेवटी. घरात बल्ब पिवळा का होईना लागायचा, पण विहिरीवरची मोटर चालू केली की नुसती हुं हुं करायची आणि उचलायचीच नाही. अण्णा म्हणायचे, "लाइट आहे रे, पण दम नाही." ट्रेलरचं अगदी तसंच आहे. गाडीची बॅटरी म्हणजे डीपी, ट्रेलरची बॅटरी म्हणजे शेवटची मोटर, आणि मधली वायर बारीक.

किती बारीक ते हिशोबाने बघा, कारण हिशोब केल्याशिवाय खरं वाटत नाही. १२ गेजच्या (गेजचा आकडा जितका मोठा तितकी वायर बारीक) तांब्याच्या वायरचा रेझिस्टन्स हजार फुटाला साधारण १.६ ओहम. गाडीच्या बॅटरीपासून चेसिसखालून वळणं घेत ट्रेलरच्या बॅटरीपर्यंत तीस फूट धरा, करंट जातो तसा परतही येतो म्हणून जाऊन येऊन साठ फूट. म्हणजे ०.०९५ ओहम. यातून १० अँप गेले की जवळजवळ १ व्होल्ट वाटेतच गेला, २० अँप गेले की १.९ व्होल्ट. लेड ॲसिड बॅटरी नीट भरायला तिच्या टर्मिनलवर १४.४ च्या आसपास लागतात, आणि इथे गाडीच निघताना १३.६ देतेय. वाटखर्च वजा केला की पोचतात १२.७, १२.८. अर्ध्या बॅटरीला एवढ्यावर तीनचार अँप कसेबसे घुसतात आणि जसजशी ती भरते तसे तेही कमी होत जातात. आपल्याकडे घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी रात्रभर चार्जिंगला असते ती उगाच नाही, शेवटचा वीसेक टक्के भाग सावकाशच भरतो आणि त्याला पूर्ण व्होल्टेज लागतं.

आणि हो, फ्यूज ३० अँपचा आहे म्हणजे ३० अँप मिळतात असं नाही हं. फ्यूज म्हणजे त्याच्या वर गेलं तर उडणार एवढंच.

त्यात नव्या गाड्यांची आणखी एक भानगड. पूर्वीचा डायनामो, म्हणजे इंजिनावर फिरून वीज करणारा अल्टरनेटर, गाडी चालू झाली की सरळ १४.२, १४.४ देत बसायचा. आता पेट्रोल वाचवायला गाडीचा कॉम्प्युटर अल्टरनेटर वरखाली करतो, गाडीची स्वतःची बॅटरी भरली की व्होल्टेज पाडून १३ च्या खालीसुद्धा आणतो, उतारावर ब्रेक मारताना परत चढवतो. मागे ट्रेलर उपाशी आहे हे त्याला माहीतच नसतं. काही पिकअपमध्ये टो मोड (ट्रेलर ओढतानाचं सेटिंग) लावला की व्होल्टेज थोडं वर राहतं, ते एकदा मीटर लावून बघून घ्या, फुकटचा उपाय आहे.

मोजायचं कसं ते सांगतो. गाडी आणि ट्रेलर जोडलेले, हँडब्रेक ओढलेला, चाकांना अडण लावलेली, ट्रेलरची बॅटरी थोडी उतरलेली, इंजिन चालू. आधी गाडीच्या बॅटरीवर मोजा, लगेच ट्रेलरच्या बॅटरीवर मोजा, दोन्हीतला फरक म्हणजे वाटेत गेलेलं व्होल्टेज. माझ्याकडे १३.६ आणि १२.७, म्हणजे ०.९ गायब, आणि करंट होता फक्त ५ अँप. करंट बघायला डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर लागतो. साधा स्वस्तातला क्लॅम्प फक्त एसी मोजतो, तो लावून शून्य आलं म्हणून मी एक अख्खी संध्याकाळ वायर तुटली कुठे ते शोधण्यात घालवली.

५ अँपला वायरीच्या हिशोबाने अर्धा व्होल्टच जायला हवा होता, मग बाकीचा कुठे गेला? हे शोधायला एक लांब वायर घ्या, पंचवीसतीस फुटांची कुठलीपण चालते, तिचं एक टोक गाडीच्या बॅटरीच्या निगेटिव्हला लावा, दुसरं टोक मीटरच्या एका प्रोबला, आणि दुसरा प्रोब ट्रेलरच्या बॅटरीच्या निगेटिव्हवर टेकवा. जो आकडा येईल तेवढं निगेटिव्ह बाजूला वाया जातंय. मग तसंच पॉझिटिव्ह ते पॉझिटिव्ह. माझं पॉझिटिव्हला ०.४ आणि निगेटिव्हला ०.५. सगळे पॉझिटिव्हच्या मागे लागतात आणि चोर असतो निगेटिव्हमध्ये. ट्रेलरच्या पुढच्या त्रिकोणी फ्रेमवर एका स्क्रूखाली पांढरी वायर दाबलेली होती, स्क्रू काढला तर खाली पेंट तसाच आणि त्यावर गंजाचा लाल भुगा, लगचा (वायरीच्या टोकाला चेपून बसवलेल्या कडीचा) अर्धा भाग पावडर झालेला. रस्त्यावर बर्फासाठी जे मीठ मारतात त्याचा प्रताप. पॉलिश पेपरने लखलखीत पत्रा दिसेपर्यंत घासलं, नवा लग, दातेरी वॉशर, वर ग्रीस. निगेटिव्हचा ड्रॉप, म्हणजे वाटेत जाणारं व्होल्टेज, निम्म्यावर आला. सात पिनच्या प्लगच्या पट्ट्यापण हिरव्या पडलेल्या असतात, कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पातळ फाइलने साफ करा. आणि हिचच्या (ट्रेलर अडकवायच्या जोडाच्या) बॉलमधून अर्थिंग होतं असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या, तिथे ग्रीस असतं.

एवढ्यावर तुमचं भागू शकतं. लहान ट्रेलर, साधी लेड ॲसिड बॅटरी, दोन एलईडी आणि पाण्याचा पंप, एका रात्रीचा मुक्काम, असं असेल तर साफसफाई करा, वर शंभर वॅटचं सोलर पॅनल टाका आणि विषय संपवा. उगाच पाचसातशे डॉलर घालू नका.

मला मात्र थंडीत हीटर चालवायचा होता, कंप्रेसरचा फ्रिजपण होता, आणि बॅटरी बदलून १०० अँपअवरची लिथियम टाकली होती. तिथे जुनी पद्धत म्हणजे मधे एक रिले, इंजिन चालू झालं की दोन्ही बॅटऱ्या जोडायच्या आणि बंद झालं की तोडायच्या. हे रिले व्होल्टेज बघून आपोआप जोडतात, साधारण १३.३ च्या वर गेलं की जोडणार, १२.८ च्या खाली आलं की तोडणार. जुन्या गाडीला, लेड ॲसिडला, जाड वायरीबरोबर ते छान चालतात. पण नव्या गाडीने व्होल्टेज पाडलं की रिले बिचारा सारखा टकटक करत बसतो. आणि लिथियमला तर थेट जोडूच नका, ती एवढ्या हावरटासारखी करंट ओढते की एकतर फ्यूज उडतो नाहीतर गाडी नुसती उभी राहून चालू असताना अल्टरनेटर तापतो, कारण आयडलला त्याचा पंखापण हळू फिरत असतो.

म्हणून डीसी टू डीसी चार्जर. याला जे येईल ते, १२ येवोत की १४, हा आत घेऊन बॅटरीला हवे तेवढेच व्होल्ट काढून देतो आणि करंटपण ठरलेल्या मर्यादेत ठेवतो. व्हिक्ट्रॉन, रेडार्क, रेनोजी हे नेहमी दिसणारे ब्रँड. मी २० अँपचा घेतला. ४० चा घ्यायचा मोह होतो पण आधी हा हिशोब करा: २० अँप बाहेर देताना १४.४ ने गुणून २८८ वॅट, थोडं चार्जरमध्येच गरमीत जातं, म्हणजे आत सव्वातीनशे वॅट लागणार, आणि त्याच्या तोंडाशी १२ व्होल्टच येत असतील तर २७ अँप. हे २७ अँप त्या सात पिनच्या १२ गेज वायरीतून ओढायला गेलात तर वाटेतच अडीच व्होल्ट जातात, मग चार्जरला व्होल्टेज कमी पडतं म्हणून तो आणखी करंट ओढतो, मग आणखी ड्रॉप, शेवटी चार्जर बंद-चालू होत राहतो किंवा फ्यूज जातो. फॅक्टरीच्या वायरीवरच भागवायचं असेल तर १० अँपच्या आसपासचा चार्जर घ्या किंवा ज्याच्यात करंटची मर्यादा खाली आणता येते असा घ्या. १० अँप म्हटलं तरी सहा तासांत ६० अँपअवर, काय वाईट आहे?

मी नवीन वायर ओढली. ६ गेज, लाल आणि काळी दोन्ही (इथे मात्र लाल पॉझिटिव्ह आणि काळी निगेटिव्ह), आपल्याकडच्या दुकानात मागायची तर १६ स्क्वेअर एमएम मागा. साठ फुटाला २७ अँपवर पाऊण व्होल्टच्या आत ड्रॉप राहतो. मेलबर्नला मित्र आहे त्याच्याकडे ट्रेलरला जाड करड्या अँडरसन प्लगने चार्जिंग देणं ही अगदी नेहमीची गोष्ट, मी तीच आयडिया घेतली, ५० अँपचा अँडरसन हिचच्या शेजारी. फक्त ऑस्ट्रेलियावाल्यांना एक सांगणं, तिथे दुकानात ६ एमएमची ऑटो केबल म्हणून जी मिळते त्यातले ६ एमएम प्लॅस्टिक धरून बाहेरची जाडी असते, आत तांबं साडेचार स्क्वेअर एमएमच्या आसपास. त्यावर फसू नका.

कामाचा क्रम असा ठेवला. आधी दोन्ही बॅटऱ्यांचे निगेटिव्ह काढले. गाडीच्या बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून सातआठ इंचांच्या आत ४० अँपचा फ्यूज, हा फ्यूज चार्जरसाठी नाही, वायरीसाठी आहे, वायर कुठे घासून चेसिसला लागली तर आग लागू नये म्हणून. तो जितका लांब लावाल तितकी वायर उघड्यावर. नवी काळी वायर थेट निगेटिव्ह टर्मिनलला लावू नका, नव्या गाड्यांत तिथे एक छोटा सेन्सर असतो जो बॅटरीत किती करंट आलागेला ते मोजतो, त्याला बगल दिली की गाडीचा हिशोब चुकतो, बॉडीला जिथे मूळ अर्थिंगचा बोल्ट आहे तिथे लावा. वायर प्लॅस्टिकच्या कोंड्युइटमध्ये घालून चेसिसच्या आतल्या बाजूने, सायलेन्सर आणि प्रोपेलर शाफ्टपासून लांब, फूटफुटावर टाय. मूळच्या ब्रेक पाइपला टाय मारायचा मोह होतो, मारू नका.

लगचं सांगतो. पहिला लग मी पकडीने चेपला, बाहेरून झकास दिसत होता, सहज ओढून बघितला तर वायर अख्खी हातात. मग हॅमरवाला क्रिंपर आणला. नळीत तांबं पूर्ण आत, चेपल्यावर दोन्ही हातांनी जीव खाऊन ओढायचं, नाही निघालं तर वर गोंद असलेली हीट श्रिंक (गरम केली की आवळणारी नळी). सोल्डरच्या नादाला लागलो नाही, गाडी हादरते आणि सोल्डर जिथे संपतं तिथेच वायर तुटते.

चार्जर ट्रेलरमध्ये, बॅटरीच्या जवळ. गाडीत नाही. जवळ असला की त्याने काढलेले १४.४ तेवढेच बॅटरीला पोचतात. उभा बसवा, आजूबाजूला चार बोटं मोकळी जागा, चांगलाच तापतो. पाणी घालायची लेड ॲसिड असेल तर बॅटरीच्या बंद पेटीत चार्जर ठेवायचा नाही, चार्ज होताना हायड्रोजन निघतो. चार्जर ते बॅटरी मध्ये दुसरा फ्यूज, ३० अँपचा, बॅटरीच्या बाजूला. आणि सेटिंगमध्ये बॅटरीचा प्रकार बदला, लोक हे विसरतात.

आता ती चूक जी मी केली आणि दोन दिवस कळली नाही. सात पिनची जुनी काळी चार्जिंगची वायर ट्रेलरच्या बॅटरीला तशीच जोडलेली राहिली होती. म्हणजे चार्जर १४.४ काढून बॅटरीला देतोय, आणि तेच व्होल्टेज जुन्या वायरीतून उलटं गाडीकडे निघालंय, तिथून परत चार्जरमध्ये. विहिरीतून उपसलेलं पाणी फुटक्या पाइपातून परत विहिरीत. मोटर चालू, बिल चालू, शेत कोरडं. ती जुनी वायर बॅटरीवरून काढायलाच लागते. पण फेकायची नाही, माझ्या गाडीत ती पिन चावीबरोबर बंद होते म्हणून तीच वायर मी चार्जरच्या सिग्नल टर्मिनलला लावली. इंजिन चालू झालं की तिच्यात १२ व्होल्ट येतात, चार्जर जागा होतो, बंद केलं की झोपतो. गाडीचं व्होल्टेज वरखाली झालं तरी त्याला फरक पडत नाही. पिन कायम चालू राहणारी गाडी असेल तर ही युक्ती चालणार नाही, मग फ्यूज बॉक्समधून चावीवरची वेगळी सिग्नलची वायर आणा.

एक वायर मात्र कुठल्याही परिस्थितीत हलवू नका, ब्रेकअवे स्विचची. ट्रेलर हिचवरून सुटला तर केबल ओढली जाऊन ट्रेलरचे इलेक्ट्रिक ब्रेक त्याच्या स्वतःच्या बॅटरीवर लागतात, तेच त्या वायरीचं काम. ती बॅटरीला थेटच राहिली पाहिजे, ट्रेलरच्या मेन स्विचच्या मागे नाही. काम झाल्यावर केबल ओढून ब्रेक लागतात का बघा आणि परत पिन घाला.

लिथियमवाल्यांनी थंडीचं बघा. शून्य डिग्रीच्या खाली लिथियम चार्ज करायची नसते. चांगल्या बॅटरीतला बीएमएस (बॅटरीची राखण करणारं सर्किट) स्वतःच चार्जिंग तोडतो, मग तुम्हाला वाटतं चार्जर बिघडला. माझी बॅटरी बाहेर फ्रेमवर होती, ती आत बेडखाली आणली. आणि गॅस, १२ व्होल्ट, ११० व्होल्ट तिन्हीवर चालणारा जुन्या पद्धतीचा फ्रिज असेल तर प्रवासात १२ व्होल्टवर तो एकटाच दहापंधरा अँप खातो, म्हणजे अर्ध्याहून जास्त चार्जिंग बर्फ करण्यात जातं, त्याचा हिशोब वेगळा धरा.

मेमध्ये कोलोराडोतल्याच ग्रेट सँड ड्यून्सला गेलो, तिथल्या पिन्यॉन फ्लॅट्स कॅम्पग्राउंडलापण लाइट नाही. मुद्दाम बॅटरी ४० टक्क्यांवर ठेवून निघालो. पहिल्या अर्ध्या तासानंतर पेट्रोल पंपावर थांबून अँडरसन प्लगला हात लावून बघितला, हे तुम्हीपण करा, मीटरपेक्षा लवकर कळतं. कोमट ठीक, चटका बसला तर आतलं कनेक्शन सैल आहे. माझी लाल बाजू थंड आणि काळी चांगलीच गरम. प्लग सोडवला, काळ्याची टोपी मागे ओढली तर कॉन्टॅक्ट घरात नीट बसलाच नव्हता, टिकदिशी आवाज येईपर्यंत आत ढकलायचा असतो. तो मी आदल्या रात्री शेवटचा बसवला होता, मोबाइलचा टॉर्च तोंडात धरून. ढकलला, टिक वाजलं, आणि वाटेत फोर्ट गार्लंडला चहाला थांबलो तेव्हा बॅटरीच्या ॲपवर ९७ टक्के.